मुद्दाम केलेली चूक आणि कंपायलरचा इशारा



आजचा विषय ऐकून काहीजणांना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाला संगणकाच्या फंदात कोणी पाडलं. कोणी पाडलं नाही. मी तर्कशास्त्र शिकवत आलो, आणि आज तर्कशास्त्राचा सर्वांत मोठा, रोजचा आणि बिनबोभाट वापर कंपायलर नावाच्या प्रोग्रामच्या पोटात होतो. तिथे गेल्या सत्तर वर्षांत जे घडलं तो तर्काच्या इतिहासाचाच एक अध्याय आहे, फक्त तो आमच्या अभ्यासक्रमात आला नाही. शिवाय या परिसरातल्या घराघरांतली मुलं पुण्यात, हैदराबादेत हेच काम करतात. दिवाळीला गावी आली की आईवडील विचारतात, दिवसभर करतोस काय? त्याला सांगता येत नाही. त्यातला एक लहानसा तुकडा आज सांगून बघतो. कंपायलरने इशारा दिला तर त्याचं काय करायचं? आणि जो कोड मुद्दाम चूक करण्यासाठीच लिहिलेला असतो, त्यावर इशारा आला तर काय करायचं?

आधी शब्द नीट करून घेऊ. माणूस प्रोग्राम लिहितो तो त्यातल्या त्यात वाचता येईल अशा भाषेत. यंत्राला फक्त आकडे कळतात. मधला दुभाषी म्हणजे कंपायलर. ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास अशा प्रकारचा पहिला प्रोग्राम केला, आणि १९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या चमूने फोरट्रान भाषेचा कंपायलर दिला. हा दुभाषी दोन तऱ्हेने तक्रार करतो. वाक्यच चुकलं असेल तर तो भाषांतर करायला नकार देतो. त्याला एरर म्हणायचं. वाक्य व्याकरणात बसतं, पण ‘तुम्हाला नक्की हेच म्हणायचं आहे ना?’ अशी शंका आली तर तो भाषांतर करतो आणि जाता जाता एक ओळ टाकतो. ती ओळ म्हणजे वॉर्निंग. एररपुढे इलाज नसतो, चूक सुधारावीच लागते. वॉर्निंगचं मात्र सगळं माणसावर सोडलेलं असतं, म्हणून इतिहास घडतो तो वॉर्निंगच्या बाबतीत.

इशाऱ्याची सवय होणं म्हणजे काय, हे वसमत तालुक्याला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत वर्षानुवर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात. पहिल्यांदा आवाज आला की माणसं घराबाहेर धावतात, दहाव्यांदा उंबऱ्यापर्यंत येतात, पन्नासाव्यांदा कूस बदलतात. २१ मार्च २०२४ च्या सकाळी मात्र आपला जिल्हा खरोखर हलला, ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. किल्लारीचं तर आपल्या पिढीला विसरताच येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेआधी, १९९२ पासून, त्या भागात लहान धक्के बसत होते. मी दोष कोणाला देत नाही. शंभर वेळा काही न घडलेल्या इशाऱ्यावर एकशे एकाव्या वेळी विश्वास कसा ठेवायचा, हा माणसाच्या मनाचा प्रश्न आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याचंही मन तेच असतं.

आता संगणकाच्या इतिहासाकडे येऊ. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली. ही भाषा यंत्राच्या अगदी जवळची. मेमरीतल्या कुठल्याही खणात हात घालू देते, विचारत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम, गाडीच्या ब्रेकचं नियंत्रण, मीटर, पंप, असा सगळा तळाचा कोड बराच काळ याच भाषेत लिहिला गेला आणि अजूनही लिहिला जातो. त्या वेळची यंत्रं लहान होती, कंपायलरला फार शंकाकुशंका काढायला जागाच नव्हती. म्हणून तिथल्याच स्टीफन जॉन्सन यांनी शंका काढण्याचं काम वेगळ्या प्रोग्रामकडे दिलं आणि १९७८ मध्ये त्याविषयी टिपण लिहिलं. प्रोग्रामचं नाव लिंट. कपड्याला चिकटलेली कापसाची कुसं, ती लिंट. ती झटकून काढणारा हा प्रोग्राम.

गंमत बघा. आपल्याकडे जिनिंगच्या धंद्यात सरकी काढल्यावर उरते ती रुई, तिलाही इंग्रजीत लिंटच म्हणतात, आणि तिच्यासाठीच तर सगळा खटाटोप असतो! कोटावर पडली तर कचरा, गाठीत बांधली तर पैसा. इशाऱ्याचंही असंच असतं, पण ते पुढे.

लिंट फार कडक होता. तो इतकं बोलायचा की लोक कंटाळायचे. त्यामुळे जॉन्सन यांनी सुरुवातीपासूनच त्याला गप्प करण्याची सोयही ठेवली होती. प्रोग्राममध्ये ठराविक शब्दांची टीप लिहिली की लिंट समजायचा: ‘इथपर्यंत प्रोग्राम पोचतच नाही, काळजी करू नकोस’, किंवा ‘ही किंमत वापरलेली नाही हे मला माहीत आहे.’ म्हणजे इशारा आणि इशारा थांबवण्याची युक्ती, दोन्ही बरोबरच जन्माला आली. पहारेकऱ्याला घरच्या माणसांची ओळख करून द्यावीच लागते, नाहीतर तो मालकालाच अडवतो. पण अशी ओळख एकदा ठरली की ती चोरालाही शिकता येते.

हे मी अलंकारिक बोलत नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या कोडच्या एका प्रतीत कोणीतरी दोन ओळी घुसवल्या. वरवर वाचल्या तर अर्थ असा होता, की वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे का ते तपासा. शून्य क्रमांक म्हणजे रूट, म्हणजे घराचा मालक. सी भाषेत तपासायचं असेल तर बरोबरीची दोन चिन्हं लिहितात. एकच लिहिलं तर त्याचा अर्थ ‘असं करून टाका’. इथे एकच चिन्ह होतं. म्हणजे तपासणीच्या मिषाने येणाऱ्यालाच मालक करून टाकलं होतं. या जागी कंपायलर एरवी ओरडतो. पण लिहिणाऱ्याने त्या भागाला कंस घातले होते, आणि ‘मला हेच म्हणायचं आहे’ हे कंपायलरला सांगण्याची रूढ खूण म्हणजे कंसच. तो गप्प राहिला. चोरी पकडली गेली ती मूळ संग्रह आणि ती प्रत एकमेकांशी जुळेना म्हणून. कंपायलरने पकडली नाही.

याहून मोठी, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत शिकण्यासारखी घटना २००६ ते २००८ या काळातली आहे. तिथे चोर नव्हता. तिथे एक प्रामाणिक, स्वच्छतेची आवड असलेला माणूस होता.

ओपनएसएसएल नावाचा एक संग्रह आहे. बँकेचा व्यवहार, सर्व्हरवरचं लॉगिन, यांसाठी लागणाऱ्या गुप्त किल्ल्या त्याच्या मदतीने बनतात. किल्ली सुरक्षित राहायची असेल तर ती कोणाला अंदाज बांधता येऊ नये अशी हवी, म्हणून हा संग्रह इकडून तिकडून यादृच्छिक द्रव्य गोळा करून एका हौदात ढवळतो. त्या ढवळण्यात तो कधी कधी मेमरीतला असा भागही घ्यायचा ज्यात आधी काही लिहिलेलंच नसतं. असला तर उपयोग, नसला तर तोटा नाही. पण मेमरी तपासणारी व्हॅलग्रिंडसारखी हत्यारं यावर तक्रार करत: न भरलेली मेमरी वाचली जात आहे. हा काही खुद्द कंपायलरचा इशारा नव्हता, पण जात तीच. डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीत ओपनएसएसएल सांभाळणाऱ्याने माग काढला तेव्हा दोन ओळी सापडल्या. दोन्ही दिसायला सारख्या. त्याने मूळ लेखकांकडे विचारणाही केली, ठाम विरोध झाला नाही, आणि त्याने दोन्ही ओळी बंद केल्या. तक्रार थांबली.

त्यातली एक ओळ खरोखर काढण्यासारखी होती. दुसऱ्या ओळीतून मात्र हौदात येणारं सगळंच द्रव्य येत होतं. ती बंद झाल्यावर उरला फक्त चालू प्रोग्रामचा क्रमांक, आणि त्या क्रमांकाची मर्यादा होती ३२,७६८. म्हणजे जगातल्या प्रत्येक डेबियन यंत्रावर, यंत्राचा प्रकार आणि किल्लीची लांबी सारखी असेल तर, बत्तीस-तेहतीस हजारांपैकीच एक किल्ली बनत होती. त्या सगळ्या आधीच करून ठेवायला एखाद्याला फारसा वेळ लागला नसता. सप्टेंबर २००६ पासून हे चालू होतं. डेबियनवर आधारलेल्या उबुंटूवरही तेच. लुचियानो बेलो या संशोधकाच्या ते लक्षात आलं आणि १३ मे २००८ रोजी जाहीर झालं. जगभर लोकांना किल्ल्या टाकून नव्या कराव्या लागल्या.

आता यात चूक नेमकी कुठे झाली? इशारा खोटा होता का? अजिबात नाही. मेमरी न भरलेलीच होती. इशारा अक्षरशः खरा होता. न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर संशय रास्त होता, पण संशयापासून निर्णयापर्यंत जाताना मधली पायरी गाळली. नैयायिकांचं धुराचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. पण ते पुढे हेही सांगतात, की धुकं पाहून त्याला धूर समजाल तर अनुमान फसेल. आपण इतकं शिकलो आणि खोट्या इशाऱ्यांना घाबरू लागलो. धूर खरा, अग्नीही खरा, पण तो अग्नी म्हणजे घरातली चूल आहे, ही शक्यता राहूनच जाते. धूर दिसला म्हणून चूल विझवली तर घर उपाशी राहतं. डेबियनमध्ये चूल विझवली गेली.

चाचणीच्या कोडमध्ये हीच अडचण रोज येते. मोठ्या प्रोग्रामच्या बरोबरीने, कधी त्याहून जास्त, त्याची परीक्षा घेणारा कोड लिहिलेला असतो. मेमरीवर पहारा ठेवणारी यंत्रणा बसवली तर ती जागी आहे का हे कसं कळणार? कोणीतरी चोरी करून दाखवली पाहिजे. लिनक्समध्ये २०१५ साली केसॅन नावाचा असा पहारेकरी आला. त्याच्या चाचणीचा कोड काय करतो? मेमरीचा एक तुकडा मागतो आणि मुद्दाम त्याच्या हद्दीबाहेर लिहितो. तुकडा परत करतो आणि मग पुन्हा त्यालाच हात लावतो. एरवी ज्या गोष्टींसाठी माणसाला धारेवर धरतील त्या सगळ्या तो ओळीने करतो, आणि केसॅनने प्रत्येक वेळी आरडाओरडा केला तर चाचणी पास.

पण मध्ये कंपायलर बसलेला असतो. दरवर्षी तो हुशार होत जातो. तो चाचणीचा कोड वाचतो आणि म्हणतो, अहो, तुम्ही हद्दीबाहेर लिहिताय! त्याचं म्हणणं शब्दशः खरं असतं. नुसता बोलून थांबला तर बरं; कधी कधी तो असं ठरवतो की इतका निरर्थक कोड ठेवायचाच कशाला, आणि तो काढून टाकतो. मग चोरीच होत नाही आणि पहारेकऱ्याची परीक्षाही होत नाही.

इथे मला अन्नंभट्टांची आठवण होते. सतराव्या शतकातला हा ग्रंथकार, त्याचा तर्कसंग्रह संस्कृत पाठशाळेतल्या पोराच्याही हाती असे. आठल्ये आणि बोडस या आपल्या मराठी पंडितांची त्यावरची आवृत्ती मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत १८९७ मध्ये निघाली. तर अन्नंभट्ट अयथार्थ अनुभवाचे, म्हणजे जसं आहे तसं न दाखवणाऱ्या ज्ञानाचे तीन प्रकार करतो: संशय, विपर्यय म्हणजे भ्रम, आणि तिसरा तर्क. पहिल्यांदा वाचताना विद्यार्थी चमकतात. तर्क अयथार्थ? तर न्यायातला तर्क म्हणजे ‘अग्नी नसता तर धूरही नसता’ असं म्हणणं. समोर अग्नी आहे हे ठाऊक असताना आपण घटकाभर तो नाही असं धरतो. अशा जाणूनबुजून, इच्छेने धरलेल्या विपरीत ज्ञानाला नैयायिक आहार्य म्हणतात. भ्रमात माणूस फसलेला असतो, आहार्यात तो फसलेला नसतो. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

चाचणीतली चूक आहार्य आहे. आणि कंपायलरला भ्रम आणि आहार्य यांतला फरक कळायला मार्गच नाही, कारण तो फरक ओळींत नसतो, लिहिणाऱ्याच्या हेतूत असतो.

कुरुंद्यात हे बोलताना नरहर कुरुंदकरांचं नाव न घेणं अवघड आहे. आडनावच या गावाचं. त्यांची व्याख्यानं ज्यांनी ऐकली त्यांना माहीत आहे, विरोधकाची बाजू ते इतक्या ताकदीने मांडत की मध्येच सभागृहात आलेल्याला वाटावं, हे यांचंच मत. पूर्वपक्ष असाच मांडायचा असतो. पण श्रोत्यांना तो पूर्वपक्ष आहे हे कळावं यासाठी वक्ता काहीतरी खूण ठेवतो, ‘आता यावर असं म्हणता येईल’ एवढं तरी म्हणतो. कोडमध्ये ही खूण कुठे ठेवायची, किती मोठी ठेवायची, यावर गेल्या काही वर्षांत बरीच उलथापालथ झाली.

केसॅनच्या चाचणीत जी युक्ती वापरतात ती मला आवडते. त्या नेमक्या चलापाशी एक रिकामी असेंब्ली सूचना ठेवतात. ती काहीच करत नाही, पण कंपायलरच्या दृष्टीने त्या जागी पडदा पडतो: या चलाची किंमत आता काहीही असू शकेल, तू अंदाज बांधू नकोस. पडदा एका चलापुरता, एका ओळीपुरता. शेजारच्या ओळीवर कंपायलरची नजर कायम.

याच्या उलट जी दुसरी युक्ती लिनक्समध्ये बरीच वर्षं होती ती बघा. ‘हा चल किंमत न देताच वापरला जाईल’ अशी शंका कंपायलरने काढली आणि ती खोटी आहे असं लिहिणाऱ्याला वाटलं, की तो चल एका खास मॅक्रोत गुंडाळायचा. मॅक्रो काय करायचा, तर चलाला स्वतःचीच किंमत द्यायचा. प्रत्यक्षात काहीच नाही, पण कंपायलर गप्प. लिहिताना ते खरंही असेल. पाच वर्षांनी दुसऱ्या माणसाने मधला कोड बदलला, आता शंका खरी ठरली, आणि पहारेकऱ्याच्या तोंडात तर बोळा! या मॅक्रोने खऱ्या चुका झाकल्या जातात हे दिसल्यावर २०२० मध्ये तो काढून टाकला. मजा अशी की त्याच वर्षी, मे महिन्यात, लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी जीसीसी या कंपायलरचा ‘कदाचित किंमत दिलेली नाही’ हा इशारा लिनक्ससाठी एरवी बंदच ठेवायचं ठरवलं, कारण नव्या आवृत्तीत तो खोटं फार ओरडू लागला होता. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२१ मध्ये, त्यांनीच प्रत्येक इशारा एरर समजावा असा नियम सगळ्यांवर लागू केला. इशारा आला की बांधणी बंद. थोड्याच दिवसांत वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या कंपायलरांवर इतक्या बांधण्या अडकल्या की नियम चाचणीच्या बांधणीपुरता आवरता घ्यावा लागला. मला यात धरसोड दिसत नाही. सरसकट कडकपणा टिकत नाही आणि सरसकट मुभाही टिकत नाही, हे अनुभवाने कळत गेलं.

मग खोटे इशारेच बंद करता येणार नाहीत का? पूर्णपणे, नाही. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली आणि एच. जी. राइस यांनी १९५३ साली जे सिद्ध केलं त्याचा अर्थ असा, की कुठल्याही प्रोग्रामच्या वागणुकीबद्दल अचूक उत्तर देणारा सर्वसाधारण परीक्षक असूच शकत नाही. तो काहीतरी सोडणार, नाहीतर उगाच शंका घेणार. किती शंका घ्यायची हे मात्र आपल्या हातात आहे. त्यासाठी मुंबईच्या आयआयटीत उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपायलर कोडमधून माहितीचा प्रवाह कसा शोधतो यावर मूलभूत काम केलं आहे, आणि जीसीसीच्या अंतरंगाचा अभ्यासही तिथे झाला.

पुण्याचं काम आपल्या विषयाच्या आणखी जवळचं. १९८१ मध्ये टाटांनी तिथे टीआरडीडीसी ही संशोधन संस्था काढली. तिथल्या संशोधकांपुढे गाड्यांमध्ये बसणाऱ्या तळाच्या कोडचा प्रश्न होता. तपासणारं हत्यार हजारो इशारे देतं, आणि एकेक इशारा माणसाने वाचून खरा-खोटा ठरवायचा. माणूस थकतो; थकला की पन्नासाव्या आवाजाला कूस बदलतो. त्यांनी इशाऱ्यांचे गट पाडले. ज्या इशाऱ्यांचं मूळ एक, त्यांतला एक म्होरक्या धरायचा. म्होरक्या खोटा ठरला तर त्याच्यामागचे सगळे खोटे. ते पुन्हा वाचायला नकोत. पुढे त्यांनी इशाऱ्याची जागाही हलवली, चूक जिथे प्रकटते तिथून ती जिथून उगम पावते तिकडे, म्हणजे दहा ठिकाणी ओरडण्याऐवजी एकाच ठिकाणी. अशा पद्धतींचा समग्र आढावा घेणारा लेख पुणे आणि नेदरलँड्समधलं आयंडहोवेन इथल्या संशोधकांनी मिळून २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. ज्याला आपण नोकरीतली कटकट म्हणतो ती शास्त्राचा विषय होऊ शकते, हे पुण्याने दाखवलं.

एक राहिलं. शांततेवरही फार विसंबू नये. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या फोनमध्ये एक छिद्र सापडलं. एकच ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती, त्यामुळे सहीची शेवटची तपासणी वगळून प्रोग्राम थेट बाहेर पडायचा. खालचा कोड कधीच चालत नव्हता. अशा न चालणाऱ्या कोडवर इशारा देण्याची सोय काही कंपायलरांत होती, पण ‘ऑल’ म्हणजे ‘सगळे इशारे’ असं ज्या पर्यायाचं नाव आहे त्यात ती येत नव्हती. या ‘सगळे’मध्ये सगळे कधीच नसतात, हे नव्या मुलांना कोणी सांगत नाही! जीसीसीत तर तो इशारा काही वर्षांपूर्वी काढूनच टाकलेला होता. पर्याय लिहिला तर कंपायलर मुकाट्याने मान डोलवायचा आणि काही करायचा नाही. ओळीची मांडणी फसवी असल्याचा नवा इशारा त्यात २०१६ मध्ये आला.

आणि चाचणीच्या कोडचं काय झालं ते सांगून थांबतो. याचं सर्वांत जुनं आणि सर्वांत चांगलं उत्तर खुद्द कंपायलर लिहिणाऱ्यांनीच काढलेलं आहे. जीसीसीची स्वतःची परीक्षा घेणाऱ्या असंख्य फायली आहेत, आणि त्यांतल्या कित्येक चुकीच्याच लिहिल्या आहेत. पण तिथे इशारा दाबत नाहीत. चुकीच्या ओळीशेजारी टीप लिहितात: या ओळीवर अमुक इशारा आला पाहिजे. आला तर पास. आला नाही तर नापास. जिथे इशारा येऊ नये पण पूर्वी चुकून यायचा, तिथे दुसरी टीप असते, तिचं नावच ‘बोगस’. रस्ट नावाच्या नव्या भाषेत सप्टेंबर २०२४ पासून हीच सोय सगळ्यांना मिळाली आहे. तिथे ‘होऊ दे’ असं नुसतं सांगता येतंच, पण ‘इथे हा इशारा येईल, मी त्याची वाट बघतोय, कारण असं असं आहे’ असंही लिहिता येतं. पुढे कोणी कोड बदलला आणि तो इशारा येईनासा झाला, की कंपायलर स्वतःहून सांगतो: तुम्ही ज्याची वाट बघत होता तो आला नाही. त्या इशाऱ्यांना तिथे अजूनही लिंटच म्हणतात.